टाकीवरचे तामोरे

कंपनीत लागून मला जेमतेम आठवडा झाला होता. जेवणाच्या सुट्टीत कँटीनमधल्या एका टेबलाभोवती चार-पाच जण वाकून उभे होते. टेबलावर लोणच्याची रिकामी काचेची बरणी, पाण्याने अर्धी भरलेली. पाण्यावर एक स्टीलची वाटी तरंगत होती आणि वाटीत एक जाडजूड लोखंडी नट ठेवलेला होता. पाणी जिथवर होतं तिथे बरणीला बाहेरून चिकटपट्टीचा तुकडा लावलेला. निळा गणवेश घातलेला, बुटका, रुंद खांद्यांचा एक माणूस प्रत्येकाला विचारत होता, हा नट वाटीतून काढून पाण्यात टाकला तर पाणी पट्टीच्या वर चढेल, खाली जाईल की तिथेच राहील?

सगळे म्हणाले, चढेल. मग तो माझ्याकडे वळला.

"तुमी बोला मॅडम. तुमी तर एमएस्सी."

मी थोडा विचार केल्यासारखं केलं आणि म्हणाले, तिथेच राहील. त्याने वाटी हलकेच धरून नट उचलला आणि पाण्यात सोडला. नट तळाला जाऊन बसला, वाटी हलकी होऊन वर आली आणि पाणी पट्टीच्या चांगलं बोटभर खाली उतरलं.

"वाटीत होता तवा वजनाएवडं पाणी सारत होता," तो म्हणाला. "आता आपल्या आकाराएवडंच सारतो. लोखंड वजनाला मोटं, आकाराला बारीक." एवढं बोलून त्याने बरणी उचलली, पाणी झाडाला घातलं आणि वाटी धुऊन जागेवर ठेवली. हरवल्याचा आनंद त्याच्या चेहऱ्यावर अजिबात नव्हता. मला मात्र दिवसभर त्या बोटभर पाण्याने छळलं.

ते मधुकर तामोरे. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या रसायनांच्या कंपनीत ते टाक्यांवर होते. कंपाउंडच्या मागच्या अंगाला अकरा मोठ्या टाक्या उभ्या होत्या; कुठल्या टाकीत किती माल आहे, किती आला, किती गेला, हे बघणं त्यांचं काम. बाहेर काचेच्या नळ्या होत्या, पण त्या गंजाने आंधळ्या झालेल्या. तामोरे बोटाची गाठ टाकीच्या पत्र्यावर वाजवत खालून वर जायचे आणि आवाज बदलला की थांबायचे. मग वर चढून पट्टी टाकून मोजायचे. दोन्हींत फरक पडलेला मी कधी पाहिला नाही.

मी प्रयोगशाळेत असल्यामुळे टाक्यांमधले नमुने घ्यायला रोज त्यांच्याकडे जावं लागे. रोज एक कोडं तयार असायचं. बर्फाचा खडा वितळल्यावर काठोकाठ भरलेला पेला सांडेल का? तराजूत पाण्याची बादली ठेवली आणि तळाला हात न लावता नुसतं बोट बुडवलं, तर काटा हलेल का? उत्तर आधी कधीच सांगायचे नाहीत. "पयले बोला," म्हणायचे, "चुकलात तर पाणी सांगल." आणि खरंच पाण्याकडूनच सांगवून घ्यायचे. कँटीनचा स्वयंपाकी त्यांना बघितलं की पेले लपवायचा.

ते मूळचे नवापूरचे, मच्छीमार घरातले. वडिलांची होडी होती. मोठा भाऊ नारायण समुद्रावर आणि धाकटा मधुकर शिकणार, असं घरात ठरलेलं. पालघरच्या कॉलेजात ते बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा नारायणदादा होडीतच पडले आणि पाठीचा मणका गेला. घरात लगेच कुणीतरी कामाला लागणं भाग होतं. तामोरे हेल्पर म्हणून कंपनीच्या गेटातून आत आले ते सहा महिन्यांसाठी. मी त्यांना भेटले तेव्हा त्या सहा महिन्यांना एकतीस वर्षं झाली होती. तरी नवीन कुणी विचारलं, किती वर्षं आहात, की ते गंभीरपणे सांगायचे, "मी हिते टेम्परवारी हाय." लोक हसायचे. ते हसायचे नाहीत.

दोनदा त्यांनी बाहेर पडायचा प्रयत्न केला होता. एकदा राहिलेली परीक्षा द्यायला रजा मागितली, ती मिळाली नाही, कारण बदली माणूस नव्हता. दुसऱ्यांदा एका शाळेत प्रयोगशाळा सहायकाची जागा निघाली. तिथे कंपनीचा दाखला हवा होता. दाखला मिळाला, पण मुलाखतीच्या दुसऱ्या दिवशी. हे त्यांनी मला एका दमात सांगितलं होतं, टाकीच्या शिडीवर बसून, डबा खाता खाता. मग म्हणाले, आता नारायणदादाला बी माजीच सवय झाली आणि टाकीला बी. त्यांच्या लॉकरमध्ये कॉलेजची भौतिकशास्त्राची वही होती. प्लास्टिकच्या पिशवीत, दोन गाठी मारून. त्या वहीतली शेवटची पानं कोरी होती.

त्यांच्या घरी मी एकदा गेले होते, त्यांच्या मुलीच्या हळदीला. त्या दिवशी नवापूरच्या खाडीत शेजाऱ्याची होडी चिखलात रुतून बसली होती. भरती आली, पाणी होडीच्या निम्म्याहून वर चढलं, तरी होडी उठेना. लोक दोर बांधून दुसऱ्या होडीने ओढत होते आणि दोर तुटायची पाळी आली होती. तामोरे हळदीतून उठून गेले. कुणीही सांगितलं नव्हतं. त्यांनी एक लांब बांबू मागितला आणि होडीच्या कडेने चिखलात खुपसून आतबाहेर करायला लागले. दुसऱ्या बाजूने चार माणसं होडी डोलवत होती. लोक म्हणत होते, असं खणून काय होणार, ओढायला या. तामोरे खणतच राहिले. थोड्या वेळाने चिखलातून बुडबुडे आले, कसलासा मोठा घोट गिळल्यासारखा आवाज झाला आणि होडी एकदम वर आली.

परत मांडवाकडे येताना त्यांनी मला सांगितलं की पाणी उचलतं ते खालून. बूड चिखलाला चिकटलं की खाली पाणी जातच नाही, मग वर कितीही भरती येऊ दे, ते पाणी उलट दाबतंच. पायजमा गुडघ्यापर्यंत चिखलाने माखला होता. त्यांच्या बायकोने, जयवंतीवहिनींनी, ते बघून कपाळाला हात लावला आणि पाण्याचा तांब्या पुढे केला.

आता मला ज्या गोष्टीसाठी हे लिहायचं आहे तिच्याकडे यावंच लागेल.

कँटीनच्या मागे जमिनीत पुरलेली पिण्याच्या पाण्याची टाकी होती. फायबरची, एका मोठ्या खोलीएवढी. वर सिमेंटचा कोबा आणि मधोमध झाकण. त्या वर्षी जुलैत कंपनीत बाहेरचे तपासणीस येणार होते. प्लांट मॅनेजरांनी सांगितलं, टाकी रिकामी करून आतून धुऊन घ्या. मी तिथे पाण्याचा नमुना घ्यायला गेले होते. पाऊस संततधार होता. तामोरे डोक्यावर गोणपाट घेऊन मॅनेजरांसमोर उभे होते. ते म्हणाले, पाऊस उघडेपर्यंत टाकी रिकामी करू नका.

"का?"

"जमीन पाण्याने भरलीय, साहेब. रिकामी टाकी म्हंजे होडी. वर येल."

मॅनेजर म्हणाले, पुरलेली टाकी काय पोहायला निघणार आहे का? त्यांच्याबरोबरचे दोघे हसले. तामोरे त्यांना कंपाउंडच्या भिंतीजवळच्या वापरात नसलेल्या विहिरीकडे घेऊन जाऊ लागले, पण मॅनेजर छत्री सांभाळत निघून गेले. तेव्हा त्यांनी ती विहीर मला दाखवली. पाणी जमिनीपासून वीतभर खाली होतं. ते म्हणाले, विहिरीत दिसतं तेवढंच पाणी टाकीच्या चहूबाजूंनी मातीत आहे, फक्त दिसत नाही. टाकी भरलेली आहे तोवर आतलं पाणी तिला खाली धरून ठेवतं.

शनिवारी लेखी हुकूम आला आणि टाकी रिकामी झाली. पंप तामोरेंनीच चालू केला, कारण पाळी त्यांची होती. धुणारी माणसं सोमवारी यायची होती. रविवारभर पाऊस पडला. सोमवारी सकाळी आम्ही आलो तर कँटीनच्या मागे कोबा फुटून पसरला होता, नळ मुळापासून उपटले होते आणि टाकीचं तोंड माझ्या कंबरेएवढं वर आलं होतं. थोडी तिरकी होऊन ती तिथे उभी होती. कुणी हसत नव्हतं.

चौकशी झाली. तिघांची समिती बसली, त्यात मॅनेजर स्वतः होते. रिकामी करण्याच्या कागदावर सही तामोरेंची, पंप चालू केला तामोरेंनी. तामोरेंनी सांगितलं, मी आधी बोललो होतो. कोण होतं तेव्हा? त्यांनी माझं नाव घेतलं.

मला आत बोलावलं. त्या महिन्यात माझी नोकरी कायम व्हायची होती, तो कागद त्याच टेबलाच्या खणात होता हे मला माहीत होतं. समितीतल्या एकाने विचारलं, टाकी रिकामी करू नका असं तामोरे म्हणाले, हे तुम्ही ऐकलंत का?

मी म्हणाले, "मला नीट ऐकू आलं नाही. पाऊस फार होता."

तामोरे कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले होते. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. रागाने पाहिलं असतं तर बरं झालं असतं. मग ते खिडकीबाहेर बघायला लागले.

त्यांनी दोन पानी खुलासा लिहून दिला होता, विहीर आणि टाकीची आकृती काढून, पाण्याच्या पातळीची रेघ पट्टीने आखून. तो परत आला. खुलासा नको, चूक मान्य करा, असा निरोप होता. 'माझ्या दुर्लक्षामुळे' या शब्दांनी सुरू होणारा मजकूर टाइप करून तयारच ठेवला होता. त्यांनी खाली सही केली. त्यानंतर त्यांना टाक्यांवरून काढलं. फायली नेणं, नमुने पोहोचवणं, कुरिअर घेणं, अशी कामं दिली. बावन्न वर्षांचा तो माणूस हातात लिफाफे घेऊन या खात्यातून त्या खात्यात फिरायचा. टाक्यांच्या बाजूला जायला त्याला मनाई होती. जाता येता पत्र्यावर बोट वाजवायची सवय हाताला होती. आता ते भिंतीवर वाजवायचे आणि लक्षात आलं की हात खिशात घालायचे.

माझी नोकरी कायम झाली. त्यांनी मला कोडी घालणं थांबवलं. मी नमस्कार केला की ते नमस्कार करायचे, एवढंच.

ऑगस्टच्या अखेरीला सांडपाण्याचे नमुने पालघरला पोहोचवायचे होते. कागदांवर सही करायला मी आणि नमुन्यांची पेटी सांभाळायला तामोरे, असं ठरलं. कंपनीने भाड्याने घेतलेली छोटी गाडी होती. चालक रामसजन पुढे, त्याच्या शेजारी तामोरे, मागे मी. उमरोळीच्या पुढे मोठ्या रस्त्यावर झाड पडलेलं, म्हणून रामसजनने गाडी आत वळवली आणि रुळांखालून जाणाऱ्या एका अरुंद रस्त्याला लागला. दुपारची वेळ होती, पण पावसाने अंधारून आलं होतं. रुळांखाली पाणी साचलेलं दिसत होतं. एक ट्रक आमच्यासमोर पार गेला, तेव्हा रामसजन म्हणाला, "निकल जाएगी."

मधोमध गाडी बंद पडली. पुन्हा सुरू करायचा प्रयत्न केला, तर डॅशबोर्डवरचे दिवेही गेले. दोन्ही बाजूंच्या उतारांवरून पाणी खाली येतच होतं. गाडीची मागची बाजू उचलल्यासारखी झाली, गाडी हळूच फिरली आणि उजवी बाजू भिंतीला जाऊन टेकली. रामसजनचं दार आणि मागचं उजवं दार दोन्ही अडकली. डाव्या बाजूची दारं उरली. काचा विजेवरच्या, त्या हलेनात. बाहेर पाणी काचेच्या खालच्या कडेला लागलं होतं आणि आत जेमतेम माझ्या घोट्यापर्यंत होतं.

मी डावं दार ढकललं. ते भिंतीसारखं होतं. रामसजन तामोरेंच्या अंगावरून वाकून त्यांचं दार खांद्याने ढकलू लागला. तामोरेंनी सीटची डोक्यामागची उशी उपसायचा प्रयत्न केला, तिच्या सळईने काच फोडायला. पण सीट एकसंध होती, उशी निघणारी नव्हती. पेटीच्या कोपऱ्याने त्यांनी काचेवर दोन-तीन घाव घातले. पेटी प्लास्टिकची होती, तिचाच कोपरा तुटला.

मग ते थांबले. त्यांनी रामसजनचा हात धरला आणि त्याला ढकलणं बंद करायला लावलं.

"पाणी बाहेर जास्त हाय, आत कमी. दोन माणसं दाराला पाठ लावून बसल्यासारखं समज. ते असं खुलणार नाय." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, पाय वर घ्या. आता मी पाणी आत घेतो."

रामसजनला आधी कळलंच नाही. तामोरेंनी पायाखालचं रबरी पायपुसणं काढलं, त्याखालचा गालिचा ओरबाडला. गाडीच्या तळाला धुतलेलं पाणी जाण्यासाठी भोकं असतात आणि त्यांना रबरी बुचं बसवलेली असतात, हे मला तेव्हा पहिल्यांदा समजलं. त्यांनी खिशातल्या छोट्या स्टीलच्या पट्टीने एक बूच उचकटलं. मनगटाएवढी धार वर उसळली. रामसजन ओरडला, "क्या कर रहे हो, चाचा, मर जाएँगे!" आणि हाताने भोक बुजवायला लागला. तामोरेंनी त्याचा हात बाजूला केला आणि दुसरं बूच काढलं.

त्या काही मिनिटांबद्दल मी आजवर कुणाला नीट सांगू शकलेले नाही. बंद गाडीत पाणी चढत होतं, आणि आमच्यातलाच एक माणूस ते मुद्दाम आत घेत होता. पाणी गुडघ्यांवर आलं, मांडीवर आलं. गढूळ, डिझेलचा वास असलेलं आणि थंड. बाहेरच्या काचेवरही ते वर सरकत होतं. मी काच बडवायला लागले. माझ्या तोंडून कसले आवाज निघत होते मला माहीत नाही. तामोरे मागे वळून माझ्याशी बोलत होते, शिडीवर बसून बोलायचे तशाच आवाजात. आत पाणी कुठवर आलं ते सांगा, बाहेर कुठवर आहे ते सांगा. मला सांगायला लावत होते. मी सांगितलं, आत पोटावर, बाहेर त्याच्या वर चार बोटं. ते म्हणाले, आजून थोडं. मी पुन्हा सांगितलं, दोन बोटं.

"आता माज्या संगती. तुमी मागचं, मी पुडचं."

मी दोन्ही पाय दाराला लावले आणि ढकललं. दार उघडलं. सहज नव्हे, जड, पण उघडलं. मी पाण्यात पडले, ते नाकातोंडात गेलं आणि कुणीतरी मला दंडाला धरून उभं केलं. पाणी माझ्या छातीपर्यंत होतं. उतारावर दोन माणसं दोर घेऊन उभी होती. तामोरेंनी आधी मला दोरापाशी सोडलं, मग परत जाऊन रामसजनला त्यांच्या बाजूच्या दारातून ओढून बाहेर काढलं. आम्ही वर पोहोचलो आणि मागे पाहिलं, तर गाडीचं फक्त टप दिसत होतं.

जवळच एक चहाची टपरी होती. टपरीवाल्या बाईने मला तिची चादर दिली. रामसजन बाकाजवळ जमिनीवर बसून रडत होता. मी तामोरेंच्या शेजारी बसले होते, दात वाजत होते, आणि तसंच मी म्हणाले, "मी त्या दिवशी ऐकलं होतं. सगळं ऐकलं होतं."

ते पेल्यातल्या चहाकडे बघत होते. "मला ठावं हाय," म्हणाले. एक घोट घेऊन पुढे बोलले, "तुमी बोलला असतात तर तुमाला बी काडलं असतं. मी तुमचं नाव घ्यायला नको होतं."

माफ केलं असं ते म्हणाले नाहीत, आणि मला माफी मागण्याचा धीर झाला नाही.

पुढच्या आठवड्यात मी व्यवस्थापनाला पत्र लिहिलं, तामोरे काय म्हणाले आणि मी काय लपवलं ते सगळं. त्या पत्राला उत्तर आलं नाही. मलाही कुणी काढलं नाही. ज्या भीतीने मी गप्प बसले होते ती खरी होती की नाही, हे मला कधी कळणारच नाही. वर्षभराने मॅनेजर बदलले. नव्यांनी तामोरेंना टाक्यांवर परत पाठवलं आणि दुरुस्त केलेल्या टाकीशेजारी एक पाटी लावली: पावसाळ्यात ही टाकी रिकामी करू नये. ती लागली त्या दिवशी मी तामोरेंना तिथे घेऊन गेले. त्यांनी पाटी दोनदा वाचली.

"शुद्दलेखन बरोबर हाय," म्हणाले आणि कामाला निघून गेले.

निवृत्तीला दीड वर्ष असताना त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही बरीचशी गेली. आम्ही कंपनीतले लोक सुरुवातीला भेटायला जायचो. घराच्या पुढच्या खोलीत दोन खाटा होत्या. एकीवर नारायणदादा, दुसरीवर ते. दोघे भाऊ छताकडे बघत पडलेले असायचे. मला बघून तामोरेंचे डोळे हलायचे, तोंडातून काहीतरी यायचं, ते मला कळायचं नाही, आणि मला कळलं नाही हे त्यांना कळायचं. मग ते भिंतीकडे तोंड करायचे. मी जाणं कमी केलं. ते लपवण्यात अर्थ नाही.

मागच्या डिसेंबरात बऱ्याच महिन्यांनी गेले. खाट रिकामी होती. मी दारातच थांबले. नारायणदादा म्हणाले, घाबरू नका, समुद्रावर गेलेत.

घराच्या मागून किनारा चार पावलांवर. भरती पुरी होत आली होती, उन्हं कलली होती. तामोरेंचे भावकीतले दोन तरणे पुतणे एक प्लास्टिकची खुर्ची दोन्हीकडून उचलून पाण्यात चालले होते आणि खुर्चीवर तामोरे. जयवंतीवहिनी साडी खोचून त्यांच्या बाजूने चालत होत्या. मला बघून त्या थांबल्या. म्हणाल्या, डॉक्टर घरी व्यायाम सांगतात, पण खाटेवर उजवा पाय उचलतच नाही. एक दिवस आंघोळीला पाण्यात आणलं तर पाय हलला. तेव्हापासून भरती बघून आणतो.

कंबरभर पाण्यात पुतण्यांनी त्यांना खुर्चीवरून उतरवलं, आणखी थोडं आत नेलं आणि खुर्ची काढून घेतली. पाणी छातीशी आलं. वहिनींनी दोन्ही हात धरले होते. मग त्यांनी एक हात सोडला, आणि दुसरा. तामोरे उभे होते, एकटे. लाट आली की थोडे वर उचलले जायचे आणि पुन्हा पाय टेकवायचे. त्यांचा गेलेला उजवा हात आपोआप वर येऊन पाण्यावर आडवा तरंगत होता, आणि ते त्याच्याकडे फार लक्ष देऊन बघत होते. मग त्यांनी उजवा पाय पुढे टाकला. मग डावा. मी किनाऱ्यावर चपला हातात घेऊन उभी होते.

ओहोटी लागली तशी वहिनींनी हाक मारली. पुतण्यांनी त्यांना दोन्ही बाजूंनी धरून किनाऱ्याकडे वळवलं. पहिली काही पावलं ते स्वतः चालले. पाणी कंबरेला आलं तसा उजवा पाय ओढायला लागला. मांडीला आलं तसे त्यांचे गुडघे वाकले. गुडघ्याएवढ्या पाण्यात त्यांचं सगळं वजन पुतण्यांच्या खांद्यांवर आलं आणि ते दोघेही वाकले. तिथे तामोरेंनी मान मागे वळवली. तोंड वेडंवाकडं झालं, गळ्याच्या शिरा ताणल्या. पण शब्द स्पष्ट आले, मला इतक्या लांबूनही ऐकू आले.

"आजून नाय."

पुतणे जयवंतीवहिनींकडे बघू लागले. त्यांनी एकदा उतरत्या पाण्याकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे. पदर पुन्हा घट्ट खोचला आणि नवऱ्याचा हात धरून त्याला परत खोल पाण्याकडे वळवलं.